किल्लीवाला आणि न आणलेला बर्फ

आमच्या घरावर आजवर एकदाच जुगाराची धाड पडली, आणि पोलिसांना फोन मी केला होता.

घरात जुगार चालू नाही, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. चालू होती ती चर्चा. पण आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात चर्चा म्हणजे काय असते, हे ज्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं नाही, त्याने मला एवढ्यात नावं ठेवू नयेत. ठेवायला पुढे भरपूर जागा आहे.

मी मुळात गप्प माणूस. आमच्याकडे बोलणारे इतके, की ऐकायला कुणीतरी हवं म्हणून देवाने मला पाठवलं असावं. विमा कचेरीत दिवसभर लोकांच्या मरणाचे दावे वाचायचे आणि संध्याकाळी घरी येऊन नानांचं ऐकायचं, असा माझा दिनक्रम. नाना म्हणजे माझे वडील. आम्ही पोतनीस. संस्थानच्या काळात आमच्या पणजोबांकडे सरकारी कोठीच्या किल्ल्या असत. कोठी गेली, संस्थान गेलं, किल्ल्यांचा जुडगा मात्र आमच्या देवघरात राहिला. त्यातली एकही किल्ली जगातल्या कुठल्याही कुलुपाला लागत नाही. तरी दसऱ्याला लोक शस्त्रं पुजतात, तेव्हा नाना किल्ल्या पुजत. "शस्त्राने राज्य मिळतं, विनू. टिकतं ते किल्ल्यांनी," असं दर दसऱ्याला सांगत. (टिकलं असतं तर आम्ही भाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर का राहिलो असतो, हा प्रश्न मी दर दसऱ्याला गिळत असे.)

अशा घरात माझी धाकटी बहीण मृणाल ती पत्त्यांची पेटी घेऊन आली.

मृणाल कॉलेजात इंग्रजी शिकवायची. नव्वदचं दशक सरलं होतं, परदेशी वस्तू आता अलकापुरीतल्या दुकानात ओळीने मांडून ठेवलेल्या असायच्या, त्यांतलाच हा खेळ. पत्ते म्हणजे आपले बदाम-इस्पिक नव्हेत. प्रत्येक पत्त्यावर एक माणूस किंवा राक्षस, त्याच्या ताकदीचा आकडा, आणि खाली बारीक तिरप्या अक्षरांत त्याच्या तोंडचं एखादं वाक्य. सगळे पत्ते मिळून एक गोष्ट व्हायची: एक किल्ला, एक म्हातारा राजा, किल्ला घ्यायला टपलेली एक चेटकीण. ही गोष्ट कुठेही सलग छापलेली नव्हती. ती त्या वाक्यांवरून आपली आपण जुळवायची. सहा-आठ महिन्यांनी पुढच्या भागाची पेटी यायची, आणि तोवर जुळवलेलं सगळं मोडायचं.

पोथीतल्या एका ओळीवर दोन तास बोलण्याची सवय असलेल्या घराला याहून घातक वस्तू कुठली असणार? महिन्याभरात नाना भिंग घेऊन बसायला लागले. पात्रांची मूळ नावं जिभेवर बसेनात म्हणून माझी बायको वर्षा हिने सरळ बारसं करून टाकलं: दाढीवाला राजा, घुबडवाली चेटकीण आणि किल्लीवाला.

सगळं रामायण झालं ते या किल्लीवाल्यामुळे. पहिल्या भागात तो किल्ल्याच्या दरवाजाशी उभा असतो. वाकलेला, इमानी, ताकद फक्त दोन. तिसऱ्या भागात वेढा पडतो आणि एका पहाटे कुणीतरी आतून दरवाजा उघडतं. चौथ्या भागात हाच किल्लीवाला घुबडवालीच्या तंबूत दिसतो. अंगावर चांदीचं चिलखत, ताकद नऊ! आणि गंमत अशी की याच्या पत्त्यावर, चारही भागांत, तोंडचं वाक्य म्हणून काही नाही. जागा कोरी.

वाक्यच नाही म्हटल्यावर कुणालाच काही सिद्ध करता येईना, आणि म्हणून सगळ्यांनाच सगळं बोलता येऊ लागलं. नानांच्या मते किल्लीवाला निर्दोष, त्याच्यावर मंत्र टाकलेला आहे, कारण किल्ल्या सांभाळणारा माणूस फितूर होणं शक्यच नाही. मृणालच्या मते लिहिणाऱ्यांनी घोळ घातला. "इमानाकडून बेइमानीकडे माणूस जाऊ शकतो, नाना. पण जाताना दिसला पाहिजे. पहिला भाग ते चौथा भाग, मधली वाटच दाखवलेली नाही."

मला विचारलं नाही कुणी. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की मला तो एकटाच माणूस त्या सगळ्या खेळात ओळखीचा वाटायचा.

निजामपुऱ्यात असल्या वेड्यांचा एक अड्डा रविवारी भरतो, असं मृणालला कळलं. ती गेली. तिथे सुहास रणदिवे नावाच्या इंजिनियरने किल्लीवाला पहिल्यापासूनच गद्दार होता असं सांगितलं आणि पुरावा म्हणून पहिल्या भागातल्या चित्रात त्याचा डावा हात पाठीमागे आहे हे दाखवलं. मृणाल त्याच्याशी संध्याकाळभर भांडली. पुढच्या रविवारी परत गेली. पाचव्या-सहाव्या रविवारी घरी येऊन म्हणाली, "नाना, त्याचं म्हणणं साफ चुकीचं आहे. मी त्याच्याशी लग्न करायचं म्हणते."

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई जाताना मृणालचं लग्न त्यांच्या गळ्यात टाकून गेली होती, आणि आलेलं प्रत्येक स्थळ मृणालने 'याच्याशी बोलायचं काय?' या एका प्रश्नावर परत पाठवलं होतं. नानांचा रक्तदाब आम्ही तिच्या स्थळांवरून ओळखायचो. आता हे जमलेलं मोडलं तर नानांचं काही खरं नाही, असं वर्षा मला रोज सांगायची. सांगायची गरज नव्हती. मलाही दिसत होतं.

याद्या करायला दिवस धरला गोकुळाष्टमीचा. गुजरातेत त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी. दुसरीही एक गोष्ट असते. सातम-आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीला आणि तिच्या आदल्या दिवशी, इकडे पत्ते खेळायचा रिवाज आहे. बंद दारांआड डाव पडतात, आणि त्या दिवसांत पोलिसांच्या गाड्या नुसत्या खबरीची वाट बघत उभ्या असतात. बडोद्यातलं शेंबडं पोरही हे जाणतं. मीही जाणत होतो. फक्त त्या दुपारी ते मला आठवलं नाही.

रणदिवे मंडळी तीनच्या सुमाराला आली. सुहास, त्याचे वडील आप्पासाहेब, एक मामा, दोन काकू असा परिवार. आमच्याकडचे चौघे आणि याद्यांना बोलावलेले तीन नातलग धरून माणसं बारा. रणदिव्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेतले. त्यांच्या बैठकीत भिंतीवर तलवार आहे, आणि आप्पासाहेब बसतात असे की जणू खाली घोडा आहे. नाना आणि ते पहिल्या भेटीत एकमेकांशी अतिशय गोड वागले होते, आणि तेव्हाच मला भीती वाटली होती.

मधोमध पांढरी चादर. चादरीवर तबक, तबकात नारळ, कुंकू, पेढे. नाना उपवासाचे, तरी चेहरा खुललेला. आता सुरुवात करायची, एवढ्यात सुहास म्हणाला, "एक मिनिट, गाडीच्या डिकीत काहीतरी राहिलंय," आणि खाली जाऊन आला. येताना त्याच्या हातात मृणालसाठी भेट होती. साडी नव्हे. पाचव्या भागाची न फोडलेली पेटी.

मृणालने ती तिथेच फोडली. वरूनच तिसरा पत्ता किल्लीवाल्याचा निघाला. पहाटेची वेळ, किल्ल्याचा दरवाजा, कुलुपात किल्ली, किल्लीवर त्याचा हात. चेहरा पाठमोरा. खाली वाक्याची जागा कोरी!

आप्पासाहेबांनी तो पत्ता उचलला, लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "झालं ने? दरवाजा यानेच उघडला." (आमच्या बडोद्याच्या मराठीत 'ना'चा 'ने' होतो.)

"हात त्याचा आहे," नाना म्हणाले. "मन कुणाचं ते दिसत नाही."

इथवर ठीक होतं. नानांनी भिंग मागवलं. जुन्या भागांचे पत्ते पुराव्यासाठी बाहेर निघाले, चादरीवर पसरले गेले, तबक सरकवून कोपऱ्यात गेलं. ताकदीचा हिशेब ठेवायला आम्ही चिंचोके वापरायचो, त्यांचेही ढीग पडले. दोन्ही काकूंना गोष्ट माहीत नव्हती, ती त्यांना मामांनी सांगितली, मामांनाही माहीत नव्हती. अर्ध्या तासात बाराच्या बारा माणसांना मत होतं. (मी धरून. पण माझं मोजू नका.)

मग आप्पासाहेब जे बोलले ते त्यांनी पत्त्याकडे बघून बोलायला हवं होतं. ते बोलले नानांकडे बघून.

"नानासाहेब, किल्ल्या सांभाळणारे लोक शेवटी किल्ल्या देतातच. तलवारीचं तसं नाही. तलवार द्यायची तर हातासकट द्यावी लागते."

नानांनी भिंग खाली ठेवलं. "तुमची तलवार दसऱ्याच्या मिरवणुकीपुरती निघायची, आप्पासाहेब. आणि तिला गंजू नये म्हणून लावायचं तेल आमच्या कोठीतून जायचं."

याच्यापुढे कोण काय म्हणालं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळे एकदमच म्हणाले. मृणाल आणि सुहाससुद्धा. ती दोघं मात्र आनंदाने भांडत होती. त्यांना वाटत होतं विषय किल्लीवाला आहे.

मी स्वयंपाकघराच्या दारात सरबताचे ग्लास घेऊन उभा. वर्षाने मागून कोपर खुपसलं. "अहो, बोला ने काहीतरी. तिथे याद्या बाजूला राहिल्यात, लग्न मोडतंय. घरातला कर्ता मुलगा ने तुम्ही?"

मी पुढे झालो. घसा साफ केला. म्हटलं, "जरा..."

"विनू, मध्ये बोलू नकोस," नाना म्हणाले.

म्हणजे बघा, मी प्रयत्न केला नाही असं नाही.

परत आलो. वर्षा नुसती बघत होती. अशा वेळी बायकोच्या नजरेला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. "बर्फ आणतो," मी म्हटलं आणि जिना उतरलो.

खाली आलो तरी आवाज येत होता. समोरच्या ओटल्यावरची माणसं मान वर करून आमच्या खिडकीकडे बघत होती. कोपऱ्यावर एसटीडीचा बूथ होता. बर्फवाला त्याच्या पलीकडे. आणि तिथे, दोन्हींच्या मध्ये, माझ्या आयुष्यातली एकमेव कल्पना मला सुचली. मागच्या नवरात्रात पलीकडच्या गल्लीत एक हवालदार येऊन नुसतं 'आवाज कमी करा' म्हणून गेला होता, आणि काय शांतता झाली होती! मला जे वाक्य घरात उच्चारता येत नव्हतं, ते खाकी कपड्यातल्या एखाद्या परक्या माणसाने येऊन उच्चारावं, एवढीच माझी इच्छा.

आता माझा दोष नीट ऐका. दुसरा कोणी असता तर त्याने फोनवर सविस्तर सांगितलं असतं. नातेवाईक आहेत, वाद चाललाय, वडील रक्तदाबाचे, जरा येऊन समजावा. मी शब्द वाचवणारा माणूस. मी गल्ली सांगितली, इमारत सांगितली आणि गुजरातीत म्हणालो, "बीजो माळ, डाबी बाजू. बार जणा छे. पत्तां. बहु अवाज."

पलीकडून विचारलं, "पत्तां?"

"हा."

"सारुं," म्हणजे बरं, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. इतकी चटकन समजूत माझी आजवर कुणीच काढलेली नव्हती. मी हलक्या मनाने जिना चढलो. बर्फ विसरून.

पोलीस इतक्या लवकर आले की मला वाटलं शेजारचेच कोणी आले. दार मीच उघडलं. मी "या" असंही म्हणालो. (या अगत्याचं घरात पुढे कौतुक झालं.) एक फोजदार आणि तीन शिपाई आत शिरले. "कोई हलशो नहीं! रेड छे!"

त्यांना आत काय दिसलं ते डोळ्यांपुढे आणा. पांढरी चादर. चादरीवर पत्ते. चिंचोक्यांचे ढीग. एक म्हातारा भिंगातून पत्त्याची खूण तपासतोय. दुसरा म्हातारा एक पत्ता डोक्यावर धरून ओरडतोय. मुद्देमाल पुरेसा नव्हता म्हणून की काय, 'रेड' हा शब्द कानावर पडताच रणदिव्यांचे मामा संडासात शिरले आणि आतून कडी लावली. सवय, दुसरं काय!

"बेंक कोनी पासे छे?" फोजदारांनी विचारलं. डाव कोण चालवतो, पैसा कुणाकडे, असा साधा प्रश्न.

नाना ताठ झाले. आयुष्यभर वाट पाहिलेला प्रश्न कुणीतरी अखेर विचारला होता. "खजिना आमच्याकडेच," ते म्हणाले. "चार पिढ्या."

एका शिपायाने दुसऱ्याकडे पाहिलं. चार पिढ्यांचा अड्डा त्यांनाही नवीन असावा.

दुसरा शिपाई चिंचोका हातात घेऊन, एका कचूक्याचे किती, म्हणून विचारत होता आणि वर्षा त्याला पोटतिडकीने सांगत होती की चिंचोके आहेत हो, घरचे आहेत, आमसुलाबरोबर आलेल्या चिंचेचे. तिसरा पंचनामा करायला बसला. त्याने पत्ते उलटसुलट करून पाहिले, त्याला एकही ओळखीचा पत्ता सापडेना. शेवटी कंटाळून, निदान राजा तरी कुठे आहे ते कळावं म्हणून, म्हणाला, "राजा क्यां छे?"

"मरी गयो," मृणाल म्हणाली.

फोजदार गर्रकन वळले. "कोण मरी गयो? क्यारे?"

"बीजा भागमां." म्हणजे दुसऱ्या भागात, आणि ते खरंही होतं.

इथे नानांना राहवलं नाही. गैरसमज दूर करायचा तर पहिल्या भागापासून सांगायला हवं, असं म्हणून त्यांनी फोजदारांना हाताला धरून चादरीवर बसवलं आणि सुरुवात केली. एक तर कृष्णजन्माचा दिवस, त्यातून नानांचं गुजराती म्हणजे मराठीला नेसवलेलं धोतर. पण सांगणारा माणूस पक्का होता. किल्ला झाला, राजा झाला, घुबडवाली झाली. फोजदारांनी टोपी काढली. वेढा पडला तेव्हा त्यांनी "पछी?", मग पुढे काय, म्हणून विचारलं. शिपाई भिंतीला टेकले. वर्षाने पोलिसांना राजगिऱ्याच्या पुऱ्या दिल्या. मामा संडासातून अर्धवट बाहेर येऊन ऐकायला लागले.

दरवाजा उघडला गेल्याची पहाट आली आणि नाना थांबले. "आता तुम्हीच सांगा, साहेब. माणूस इमानी. तीस वर्षं दारावर. तो का उघडेल?"

फोजदारांनी पाठमोऱ्या किल्लीवाल्याचा पत्ता बराच वेळ पाहिला. त्यांचा चेहरा असा, की जणू त्याला कधी ना कधी आत टाकलेला असावा. मग अर्ध्या मराठीत, अर्ध्या गुजरातीत म्हणाले, "का ते ठाऊक नाही, काका. पण दरवाजो बहारथी खूले ज नहीं. अंदरनो माणस होय." पुरीचा तुकडा तोंडात टाकून त्यांनी सहज जोडलं, "अने तमारे त्यां पण एवुं ज छे."

नाना म्हणाले, आमच्याकडेही तसंच म्हणजे?

म्हणजे, त्यांनी समजावून सांगितलं, खबर कोपऱ्यावरच्या बूथवरून आली. बोलणारा पुरुष, गुजराती बोलत होता पण मराठी माणसाचं. आणि त्याने डावी बाजू सांगितली, माणसं बारा सांगितली. घरात किती माणसं आहेत हे रस्त्यावरच्याला कसं कळणार?

मग ते उठले, टोपी घातली, जुगार नाही असं कागदावर लिहून घेतलं. दारातून वळून म्हणाले, "अवाज ओछो राखजो."

आवाज कमी ठेवा. मला एवढंच तर हवं होतं.

आणि खरोखरच शांतता झाली. अशी शांतता त्या घराने आईच्या जाण्यानंतर पाहिली नव्हती. अकरा माणसं एकमेकांकडे बघत होती, बारावा ग्लासांकडे.

"आतला माणूस," आप्पासाहेब हळू आवाजात म्हणाले. "मी मघाशी वेगळं काय सांगत होतो, नानासाहेब?"

नानांचा चेहरा उतरला. इतक्या वेळ ते एका पत्त्याच्या अब्रूसाठी लढत होते. आता प्रश्न घराच्या अब्रूचा होता. ते म्हणाले, माझ्या घरातल्या कुणी हे केलं असेल तर देवघरातला जुडगा मी सूरसागर तलावात टाकीन. आप्पासाहेब म्हणाले, मग आमच्यातल्या कुणी केलं असं म्हणायचंय का तुम्हाला? काकूंनी पिशव्या उचलल्या. आप्पासाहेब उभे राहिले आणि पायाने चपला शोधू लागले. तबकातला नारळ कुणाचा तरी पाय लागून घरंगळत माझ्यापाशी येऊन थांबला.

मृणालने पहिल्यांदाच विषय सोडला. "ज्याने केलंय त्याने आत्ता सांगावं," ती म्हणाली. "मला राग नाही. पण असा एकमेकांवर संशय घेऊन मी कुठल्याही घरात जाणार नाही."

नानांचा हात नुसताच चादरीवरून फिरत होता, काही शोधत असल्यासारखा. मी तो हात पाहिला. मी तोंड उघडलं. उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. शब्दही होता. 'मी.' एकच अक्षर, त्याहून काटकसर शक्य नाही. ते बाहेर येईना.

सुहास माझ्याकडे बघत होता. आधी माझ्या उघड्या तोंडाकडे. मग माझ्या हातांकडे. मग ग्लासांकडे, ज्यांत कोमट सरबत होतं आणि बर्फाचा एक खडाही नव्हता.

"फोन मी केला," सुहास म्हणाला.

आप्पासाहेबांची एक चप्पल सापडली होती, ती निसटली.

"तू?"

"मघाशी खाली गेलो होतो ने? तेव्हा. वाद होणार हे माहीत होतं आणि मी हरणार हेही. म्हटलं, मध्येच कुणी थांबवलं तर बरं."

आप्पासाहेब खाली बसले. या वेळी खाली घोडा नव्हता. आणि नाना! एका क्षणात त्यांचा रक्तदाब, मला वाटतं, विशीतल्या माणसाचा झाला. "पाहिलंत, आप्पासाहेब? पाहिलंत? किल्लीवाला नाही! तलवारवाला!" त्यांनी माझ्या पायाजवळचा नारळ स्वतः उचलला, तबकात ठेवला, आणि म्हणाले चला, याद्या घ्या, असं प्रामाणिक स्थळ पुन्हा मिळायचं नाही.

मृणाल सुहासकडे डोळे बारीक करून बघत राहिली. "चार भाग सरळ आणि पाचव्यात एकदम उलटा," ती म्हणाली. "मला अजिबात पटलेलं नाही. पण लग्न करते."

लग्न झालं. छान झालं. आणि त्या दिवसापासून सुहास रणदिवे आमच्या घरचा गद्दार झाला. लग्नात विहिणीच्या पंगतीला त्याचा उल्लेख झाला. दिवाळसणाला नानांनी पाहुण्यांना ओळख करून दिली: "जावई हिऱ्यासारखा. फक्त फोनपाशी बसवू नका." नाना गेले तेव्हा शेवटच्या आठवड्यातही त्याला बघून ते हसले आणि दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "कडी लावलीय ने?" आप्पासाहेबांनी मात्र त्या दसऱ्याला तलवार भिंतीवरून उतरवली, ती परत लावलीच नाही. त्याबद्दल मी काही विनोद करू शकेन असं वाटलं होतं. नाही जमत.

सुहास मला या सगळ्या वर्षांत एका शब्दानेही काही म्हणालेला नाही. निजामपुऱ्याला त्यांच्याकडे गेलं की तो सगळ्यांना सरबत देतो, आणि माझ्या ग्लासात, न विचारता, बर्फ जास्त टाकतो. एवढंच. हिवाळ्यातसुद्धा.

त्या खेळाचं पुढे काय झालं? सहाव्या भागानंतर कंपनीने पेट्या काढणं बंद केलं. किल्लीवाल्याने दरवाजा का उघडला ते कुणालाच कळलं नाही. लोभ, जुना अपमान, चेटूक, घुबडवालीवर प्रेम, सगळं बोलून झालं. मला त्याच दुपारी कळलं होतं. आत फार गोंगाट होता हो. आणि त्याला बोलता येत नव्हतं.

गेल्या गोकुळाष्टमीला आम्ही सगळे निजामपुऱ्यात होतो. आप्पासाहेब आता खूप थकलेत, खुर्चीत असतात. सवयीने कुणीतरी सुहासला चिडवलं, सवयीने तो हसला, आणि त्याचे केस सगळे पांढरे झालेत हे मला त्या दिवशी दिसलं. मी ग्लास खाली ठेवला आणि म्हणालो, "तो फोन मी केला होता."

गाडी रुळावरून घसरावी तशी सगळी बोलणी थांबली. मग वर्षाला हसू फुटलं. "तुम्ही? अहो, गॅसचा नंबर लावायचा तर मला सांगता तुम्ही!"

"नाही दादा," मृणाल म्हणाली, आणि ती खुर्ची ओढून पुढे सरसावली तेव्हाच मी ओळखलं. "बसत नाही. पहिल्या भागापासून बघ. तू आपणहून कधी काही केलं आहेस? शाळेत तुझी छत्री नेली एका पोराने, तू भिजत घरी आलास. असा माणूस उठून पोलिसांना फोन करतो? मधली वाट कुठाय?"

मी म्हटलं, वाट जिन्यावरून होती. कुणी ऐकलं नाही. वर्षाचं म्हणणं, मी बर्फ आणायला गेलो होतो आणि बर्फ घेऊनच आलो, तिला चांगलं आठवतंय. मृणालचं म्हणणं, माझ्या स्वभावात फार तर न आणलेला बर्फ बसतो, फोन नाही. अर्धा तास माझ्यावर कडाक्याचा वाद झाला आणि त्यात मला मध्ये बोलू दिलं नाही.

शेवटी आप्पासाहेबांनी हात वर केला. "सुहासला वाचवायला बघतोय तो," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "एवढ्या वर्षांनी आळ आपल्यावर घेतोय. नानासाहेब खरंच सांगत होते. किल्ल्या सांभाळणारी माणसं मनाने मोठी." मग मुलाकडे वळून म्हणाले, "शीक काहीतरी."

सुहास उठला. फ्रिजमधून बर्फाचा आख्खा ट्रे आणला आणि माझ्या ग्लासात उपडा केला. सरबताला जागा उरली नाही.

बोलून उपयोग नाही म्हणून हे सगळं मी लिहून काढलं, आणि छापायला देण्याआधी मृणालला वाचायला दिलं. कॉलेजातून निवृत्त व्हायला आली तरी तिचा लाल पेन गेलेला नाही. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून तिने कागद परत केले.

"छान लिहिलंयस, दादा," ती म्हणाली. "सुहास, नाना, सगळे हुबेहूब. फक्त तो फोन करणारा माणूस कुठेच जिवंत वाटत नाही."